हिमोग्लोबिनचा आकडा आणि आपल्या घरातली मुले

भारतातल्या लहान मुलांच्या रक्ताविषयी दोन सरकारी आकडे आज एकाच वेळी चलनात आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यानुसार सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभर मुलांपैकी सदुसष्ट मुलांना ॲनिमिया, म्हणजे रक्तक्षय आहे. त्याआधी २०१६ ते २०१८ मध्ये केंद्र सरकारनेच 'युनिसेफ'च्या मदतीने मुलांचे एक स्वतंत्र पोषण सर्वेक्षण केले होते. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ४१ टक्के निघाले. दोन-तीन वर्षांत देशातल्या मुलांचे रक्त एवढे कसे आटेल? वयोगट थोडा वेगळा आहे हे मान्य केले तरी पंचवीस-सव्वीस टक्क्यांची तफावत त्यातून सुटत नाही.

वरवर पाहता हा आकडेतज्ज्ञांचा वाद वाटतो. पण या वादातला महत्त्वाचा भाग आपल्याच शहरात, तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत घडला आहे, आणि त्यातून निघालेला एक निष्कर्ष थेट आपल्यासारख्या कुटुंबांविषयी आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या रस्त्याने जाताना ही संस्था आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. आत काय चालते याची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. मंडळाच्या आरोग्य समितीतर्फे आम्ही हा लेख लिहीत आहोत तो त्यासाठीच.

आधी राज्यांचे आकडे पाहू, कारण आपले नातेवाईक या सगळ्या राज्यांत पसरलेले आहेत. पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांमधला ॲनिमिया तेलंगणात ७०.०, महाराष्ट्रात ६८.९, मध्य प्रदेशात ७२.७, गुजरातमध्ये ७९.७, कर्नाटकात ६५.५ आणि गोव्यात ५३.२ टक्के होता. चौथ्या फेरीत तेलंगणाचा आकडा ६०.७ होता. म्हणजे मधल्या काळात गोळ्या वाटल्या, सरबते वाटली, 'ॲनिमियामुक्त भारत' ही मोहीम २०१८ पासून सुरू झाली, आणि आकडा मात्र वर गेला. बडोद्यातल्या सुस्थित घरांनी गुजरातचा ७९.७ वाचून 'हे आपल्याबद्दल नसणार' असे म्हणणे स्वाभाविक आहे. ते कितपत खरे, हे पुढे येईलच.

तफावतीचे एक कारण अगदी साधे आहे: रक्त कुठून घेतले. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला (तान्ह्या बाळाच्या टाचेला) सुई टोचून थेंबभर रक्त घेतात आणि हातात मावणाऱ्या यंत्रावर तिथल्या तिथे हिमोग्लोबिन वाचतात. मुलांच्या पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त काढून ते प्रयोगशाळेत पाठवले होते. लहान मूल हात आखडून घेते, रडते. मग रक्त येईना म्हणून बोट दाबले जाते आणि दाबल्यावर रक्ताबरोबर पेशींभोवतीचे पाणीही थेंबात उतरते. थेंब पातळ झाला की आकडा खाली येतो. लाखो घरांत फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांचा यात दोष नाही, दारोदार शिरेतून रक्त काढणे सोपे नसते. पण पद्धतीची ही मर्यादा आता जागतिक पातळीवरही मानली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तेव्हा शक्य तिथे शिरेतलेच रक्त तपासावे असे स्पष्ट सांगितले. आपल्याकडेही कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सहाव्या फेरीतून ॲनिमियाची मोजणी काढून ती आहार व जैवनिर्देशकांच्या वेगळ्या सर्वेक्षणाकडे देण्यात आली. हे काम पोषण संस्थेकडे आहे.

इथवर फक्त 'किती' याचा विचार झाला. त्याहून मोठा प्रश्न 'कशामुळे' हा आहे.

मुलांच्या पोषण सर्वेक्षणाचे खरे मोल यात आहे की त्यात नुसते हिमोग्लोबिन मोजले नाही. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन मोजले, ब-१२ आणि फोलेट मोजले, शरीरात कुठे दाह किंवा संसर्ग चालू आहे का तेही पाहिले. या माहितीवर पोषण संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. भारती कुलकर्णी यांनी बेंगळुरूच्या व इतर ठिकाणच्या सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध लिहिला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय ॲनिमिया नव्हता, लोहाची कमतरता होता. आपण बोलताना या दोन गोष्टी एकच समजतो, 'रक्त कमी' म्हणजे 'लोह कमी'. निबंधातून दिसले ते असे: एक ते चार वर्षांच्या मुलांत जवळपास ३२ टक्क्यांना लोहाची कमतरता होती, किशोरवयीन मुलींत सुमारे ३० टक्के, आणि इतर वयोगटांत याहून बरीच कमी. मग त्यांनी ही कमतरता गरीब-श्रीमंत, खेडे-शहर अशी मांडून पाहिली, तेव्हा चित्र उलटे निघाले. ॲनिमिया गरीब घरांत जास्त, हे अपेक्षितच होते. पण लोहाची कमतरता शहरातल्या आणि सुस्थितीतल्या घरांत जास्त होती.

हे वाक्य पुन्हा वाचावे असे आहे. ज्या घरात फ्रीज भरलेला आहे, मूल खाजगी शाळेत जाते, बालरोगतज्ज्ञ ठरलेला आहे, त्या घरातल्या मुलाच्या शरीरात लोहाचा साठा कमी असण्याची शक्यता खेड्यातल्या गरीब मुलापेक्षा जास्त. तरीही त्याचे हिमोग्लोबिन बहुधा ठीक येते. त्यामुळे बोटाला टोचून केलेल्या तपासणीत ते मूल 'उत्तम' ठरून घरी जाते.

हे असे का, याचे एकच एक उत्तर नाही. आम्हांला आपल्या घरांच्या सवयी पाहून काही गोष्टी ठळकपणे दिसतात. पहिली म्हणजे दूध. मराठी मध्यमवर्गीय घरात दूध हे पोषणाचे दुसरे नाव आहे. मूल जेवले नाही तर 'निदान दूध तरी पी' हे आजीपासून आईपर्यंत सगळ्यांचे वाक्य. दुधात प्रथिने आहेत, चुना आहे, ब-१२ आहे. लोह मात्र नाहीसारखे आहे. शिवाय दुधातले कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात आडवे येते. दोन वर्षांचे मूल दिवसात तीन-चार पेले दूध पीत असेल तर पोट दुधानेच भरते, भाकरी-डाळ-भाजीला जागा उरत नाही. वजन छान वाढते, गाल वर येतात आणि लोहाचा साठा हळूहळू उतरत जातो. पोषण संस्थेच्याच शिफारशीनुसार एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ८ मिलिग्रॅम लोह लागते. दुधातून ते येणे नाही.

दुसरी गोष्ट चहा. किशोरवयात जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा सुरू होतो. हैदराबादेत तर इराणी चहाला वयाचे बंधनच नाही. चहातले टॅनिन अन्नातल्या लोहाला पकडून ठेवते. संस्थेने २०२४ मध्ये काढलेल्या आहार-मार्गदर्शिकेत जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले, त्याची बातमीही गाजली. तिसरी गोष्ट, बाजरी-ज्वारी-नाचणीची जागा पांढऱ्या भाताने आणि मैद्याने घेतली. संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक कोष्टकांनुसार शंभर ग्रॅम बाजरीत ६.४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, नाचणीत ४.६च्या आसपास. आणि ज्या बिटाचा रस आपण रक्त वाढवायला पाजतो, त्याच्या शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. बिटाचा लाल रंग रक्ताचा नाही, एवढे तरी आता मान्य करायला हरकत नसावी. बीट खावे, पण कोशिंबीर म्हणून.

आता दुसरी बाजू. गरीब घरातल्या मुलाच्या शरीरात लोहाचा साठा तुलनेने बरा असूनही त्याचे रक्त कमी का? लोह असले म्हणजे झाले असे नाही, ते वापरता आले पाहिजे. मूल सतत जुलाब, ताप, जंत, श्वसनाचे विकार यांतून जात असेल तर यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त तयार करते. जंतूंनाही वाढायला लोह लागते, म्हणून संसर्ग झाला की शरीर लोह कुलपात टाकते, असे सोप्या भाषेत म्हणता येईल. आतड्यातून शोषण कमी होते आणि साठ्यातले लोहही बाहेर येत नाही. अशा मुलाला लोहाचे सरबत पाजत राहिले तर ते रक्तापर्यंत पोचत नाही, आतड्यातच पडून राहते. टांझानियातल्या पेम्बा बेटावर डॉ. सुनील साझावाल आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मलेरियाचा जोर असलेल्या त्या भागात सरसकट सगळ्या मुलांना लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू वाढलेले दिसले, आणि तो भाग मध्येच थांबवावा लागला. ज्या मुलांत लोहाची कमतरता होती त्यांना मात्र फायदा झाला होता. औषध एकच, आणि ते ज्याला हवे त्याला उपकारक, ज्याला नको त्याला अपायकारक. भारतातली परिस्थिती पेम्बासारखी नाही, म्हणून ते निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावू नयेत. पण 'लोह काय, दिले तर बिघडत नाही' हा आपल्याकडचा समज त्यातून नक्कीच तपासून घ्यावा लागतो.

शिवाय रक्त तयार व्हायला फक्त लोह पुरत नाही. मुलांच्या त्याच पोषण सर्वेक्षणात किशोरवयीनांपैकी ३१ टक्क्यांना ब-१२ची आणि ३७ टक्क्यांना फोलेटची कमतरता आढळली. ही गोष्ट नवीन नाही, आणि तिची सुरुवात तर मुंबईत झाली आहे. लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आली, ती कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रियांना गरोदरपणात होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करायला. त्या स्त्रियांच्या रक्तपेशी लोहाच्या कमतरतेत दिसतात तशा लहान नव्हत्या, उलट फुगलेल्या होत्या. यीस्टच्या अर्कातून, म्हणजे तेव्हा बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मार्माइटमधून, त्या बऱ्या होतात असे तिने १९३१ मध्ये दाखवले. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि पानावरूनच त्याचे नाव पडले. पालकाची थोरवी लोहापेक्षा या गुणात जास्त आहे. हीच विल्स कुन्नूरच्या प्रयोगशाळेतही काम करून गेली, आणि कुन्नूरची ती प्रयोगशाळा म्हणजेच आजची आपली पोषण संस्था. १९१८ मध्ये मॅककॅरिसन यांनी एका खोलीत सुरू केलेले ते काम १९५८ मध्ये हैदराबादला आले. ते आणले गेले तेव्हा प्रमुखपदी डॉ. व्ही. एन. पटवर्धन होते. जुन्या हैदराबादकर मराठी मंडळींच्या बोलण्यात विवेकवर्धिनीचे नाव येते, मराठी साहित्य परिषदेचे येते. या शहराच्या जडणघडणीत पटवर्धनांसारख्यांचाही वाटा आहे आणि तो आपण फारसा सांगत नाही, म्हणून हा उल्लेख.

आता तिसरा वाद, मर्यादारेषेचा. हिमोग्लोबिन कितीच्या खाली गेले की ॲनिमिया म्हणायचे? आजवरची रेषा (लहान मुलांसाठी ११) जागतिक आरोग्य संघटनेने काही दशकांपूर्वी आखली, तीही भारतातल्या मुलांवर फारसा अभ्यास नसताना. डॉ. हर्षपाल सिंग सचदेव, डॉ. अनुरा कुर्पाड आणि इतरांनी मुलांच्या पोषण सर्वेक्षणातून ज्यांना लोह, ब-१२, फोलेट यांची कमतरता नाही, दाह नाही, रक्ताचा आनुवंशिक दोष नाही अशी आठ हजारांवर निरोगी मुले निवडली आणि त्यांचे हिमोग्लोबिन पाहिले. ते जागतिक रेषेपेक्षा एक ते दोन ग्रॅमने खालपर्यंत जात होते. ही नवी रेषा लावली तर एक ते एकोणीस वयातला ॲनिमिया ३० टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये स्वतःची रेषा बदलली, पण थोडीशीच. सहा ते तेवीस महिन्यांसाठी ती ११ ऐवजी १०.५ झाली, दोन ते पाच वर्षांसाठी ११ कायम राहिली.

यावर आमचे मत सांगतो. शास्त्राच्या बाजूने पाहता सचदेव-कुर्पाड यांचा युक्तिवाद आम्हांला वजनदार वाटतो. निरोगी मुलाला आजारी ठरवून औषध पाजणे ही काही सेवा नव्हे. पण रेषा खाली ओढली की काम न करताच यश दिसू लागते, हा धोकाही तेवढाच खरा आहे. उद्या कोणी '६७चे ११ केले' म्हणून जाहिरात लावली तर ती पाहताना मधली रेषा हलली आहे हे आपल्याला आठवले पाहिजे. आणि रेषा कुठेही ओढली तरी डॉ. कुलकर्णी यांच्या निबंधातले सुस्थित घरातले मूल तिच्या वरच राहते. त्याची अडचण हिमोग्लोबिनच्या रेषेने दिसणारच नाही. आमच्या दृष्टीने या सगळ्या चर्चेतला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी बोलला गेलेला आहे.

दरम्यान धोरण एका दिशेने पुढे गेले आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी जाहीर केले की २०२४ पर्यंत रेशन, अंगणवाडी, शाळेतला मध्यान्ह आहार अशा सर्व योजनांतून लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ घातलेला तांदूळ दिला जाईल. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तो पुरवठा डिसेंबर २०२८ पर्यंत चालू ठेवण्यास मान्यता दिली, खर्च १७,०८२ कोटी रुपये. तांदळाच्या पिठात हे घटक मिसळून त्याचे दाणे पाडतात आणि शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. (हेच ते दाणे, जे 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतात. ते प्लॅस्टिक नाही. पाण्यावर तरंगले तरी नाही.) किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह, असे प्रमाण ठरलेले आहे. शंभर ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याला यातून तीन-चार मिलिग्रॅम मिळते.

मात्रा फार नाही, हे खरे. पण रेशनचा तांदूळ खाणारी मुले मुख्यतः गरीब घरांतली, आणि निबंध सांगतो की तिथे ॲनिमिया जास्त असला तरी लोहाची कमतरता तुलनेने कमी. ज्यांच्यात ती जास्त, ती आपली मुले रेशनचा तांदूळ खात नाहीत. सरकार एका गटाला लोह देते, कमतरता दुसऱ्यात जास्त, असा हा विचित्र प्रकार आहे. गरीब घराला खरे हवे ते स्वच्छ पाणी, जंतांवर औषध, डाळ, अंडे, फळ. या बाबतीत हैदराबादजवळच्या २९ गावांत झालेला जुना प्रयोग पाहण्यासारखा आहे. १९८७ ते १९९० या काळात त्यांतल्या पंधरा गावांतल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना रोज मका-सोयाच्या पिठाचा ताजा शिजवलेला उपमा दिला गेला, चौदा गावांत नाही. तेरा ते अठरा वर्षांची झाल्यावर ही मुले मोजली, तेव्हा उपम्याच्या गावांतली मुले सरासरी १४ मिलिमीटर उंच निघाली आणि पुढे मधुमेहाकडे नेणाऱ्या काही खुणाही त्यांच्यात कमी होत्या. पोषण संस्थेतले संशोधक, डॉ. कुलकर्णीही त्यांत आहेत, या गावांचा पाठपुरावा पुढेही करत राहिले. दीड सेंटिमीटरचे कोणाला काय कौतुक, असे वाटेल. आम्हांला ते आहे, कारण ते एका साध्या उपम्याचे काम आहे.

तांदळाच्या पिशवीवर पूर्वी एक सूचना असे: थॅलसेमिया असलेल्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली खावा, सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. २०२४ मध्ये ती काढण्यात आली. तज्ज्ञ गटाचे म्हणणे असे की थॅलसेमियाच्या रुग्णाला रक्त चढवताना जे लोह शरीरात जाते त्यापुढे तांदळातले लोह नगण्य आहे, आणि सिकलसेलमध्ये हेप्सिडिन वाढलेलेच असल्याने जास्त शोषण होण्याची शक्यता कमी. वैद्यकीयदृष्ट्या ते पटण्यासारखे असेल. पण सूचना जाण्याबरोबर एक आठवणही गेली: या देशात असे लाखो लोक आहेत ज्यांचे रक्त लोहाअभावी नव्हे तर जनुकामुळे कमी असते.

हे आपल्यापासून दूर नाही. आपल्यातली अनेक घरे विदर्भातून आणि मराठवाड्यातून आलेली आहेत. सिकलसेल विदर्भात फक्त आदिवासींमध्ये नाही, इतरही अनेक समाजांत आहे. रायपूर, भिलाई, बालाघाट, बैतूल इथल्या मराठी वस्तीला हे ठाऊक आहे. इंदूरच्या शेजारी झाबुआ-अलिराजपूरचा आणि बडोद्याच्या शेजारी छोटा उदेपूरचा पट्टा तर याच कारणाने राष्ट्रीय मोहिमेत आहे. १ जुलै २०२३ रोजी शहडोलला सुरू झालेल्या या मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. थॅलसेमियाचे वाहक देशात शंभरात तीन-चार आहेत, कुठल्याही जातीत सापडतात. वाहकाला स्वतःला त्रास नसतो, फक्त हिमोग्लोबिन जरासे कमी असते. अशा मुलीला शाळेपासून लग्नापर्यंत लोहाच्या गोळ्या चालू असतात, आकडा काही वर जात नाही, आणि 'हिच्या अंगातच रक्त नाही' असे घरात ठरून जाते. पुढे जोडीदारही वाहक निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. दर महिन्याला रक्त चढवावे लागणाऱ्या अशा मुलांसाठी राजेंद्रनगर भागात एक सोसायटी गेली पंचवीसहून अधिक वर्षे काम करते आहे. तिथे एकदा जाऊन आलेल्या माणसाला पत्रिकेबरोबर एचबी-ए२ची तपासणीही का मागावी हे वेगळे सांगावे लागत नाही. ती आयुष्यात एकदाच करायची असते.

मंडळाच्या पातळीवर आम्ही पुढीलप्रमाणे ठरवले आहे. यंदाच्या शिबिरात मुलांच्या बोटाला टोचून हिमोग्लोबिन पाहिले जाणार नाही. ज्या पालकांची इच्छा असेल त्यांच्या मुलांचे रक्त शिरेतून घेऊन संपूर्ण रक्तगणना आणि फेरिटिन, दोन्ही केले जाईल. नुकताच ताप येऊन गेलेल्या मुलाचे फेरिटिन फसवे जास्त येते, म्हणून त्यांना पंधरा दिवसांनी बोलावू. रक्तगणनेत पेशी लहान पण संख्येने भरपूर असतील आणि फेरिटिन ठीक असेल, तर लोहाऐवजी एचबी-ए२ची तपासणी सुचवू. पेशी मोठ्या असतील तर ब-१२ आणि फोलेट. शुद्ध शाकाहारी घरांतल्या मुलांनी ब-१२ची तपासणी करून घ्यावी असा आमचा आग्रह राहील. शाळेतून मिळणाऱ्या गुलाबी किंवा निळ्या साप्ताहिक गोळ्या कुणी या लेखावरून बंद करू नयेत. किशोरवयीन मुलींना त्यांची बहुधा गरजच असते, आणि थॅलसेमिया मेजर असलेल्या किंवा वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या मुलांना त्या देऊ नयेत असे त्या योजनेतच लिहिलेले आहे. बंद करावे ते दुकानातून मनाने आणलेले टॉनिक. आणि घरात लोहाच्या गोळ्या असतील तर त्या लहान मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. गोड, रंगीत गोळी म्हणून मुलाने मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेतते.

दुधाबद्दल आजी-आजोबांशी बोलायचे काम प्रत्येक घराने आपापले करावे, त्यात समिती पडणार नाही. दिवसाला दोन पेले पुरेत, आणि ते जेवणाबरोबर नकोत, एवढे आमच्या नावावर सांगायला हरकत नाही. बाजरीच्या भाकरीवर लिंबू पिळलेली मेथी किंवा चवळईची भाजी, अळिवाचा लाडू, मांसाहारी घरांत आठवड्यातून एक-दोनदा मटण किंवा कलेजी, जेवणानंतर पेरू किंवा संत्र्याच्या फोडी. यात नवीन काहीच नाही, फक्त मुलाच्या पोटात त्यासाठी जागा शिल्लक हवी.

शिबिराची तारीख नेहमीप्रमाणे सूचनाफलकावर लागेल. मुलांना उपाशी आणण्याची गरज नाही. आधीच्या रक्ततपासणीचा कागद घरात असेल तर तो मात्र शोधून आणावा. तीन-चार वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल.